अहवाल मुंबईत, पोरं धामणगावात

मुसलमानांच्या शिक्षणावर आपल्याकडे अभ्यास कमी झालेले नाहीत. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांची समिती २००५ मध्ये नेमली गेली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये तिचा अहवाल आला. महाराष्ट्रानं २००८ मध्ये डॉ. महमूदुर रहमान यांचा अभ्यासगट नेमला, त्यानं २०१३ मध्ये अहवाल दिला. २०२२ मध्ये राज्य सरकारनं ५६ शहरांतल्या मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे सोपवला. ऑगस्ट २०२४ मध्ये बार्टी आणि सारथी या संशोधन-प्रशिक्षण संस्थांच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ स्थापन करायला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली.

यातलं धामणगाव रेल्वेपर्यंत काय पोचलं, हा माझा प्रश्न आहे. अमरावती जिल्ह्यातलं हे गाव शिक्षणाला परकं नाही. बडनेरा आणि पुलगावच्या मधलं हे कापसाचं स्टेशन, यवतमाळकडे जाणारी माणसं इथेच उतरायची. सेठ फत्तेलाल लाभचंद हायस्कूल आणि आदर्श महाविद्यालय यांच्यामुळे आसपासच्या खेड्यांतली मुलं इथे शिकायला येत आली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे अमरावती जिल्ह्यात शंभरातली चौदा-पंधरा माणसं मुसलमान आहेत, शेजारच्या अकोल्यात जवळपास वीस. म्हणजे हा मूठभरांचा विषय नव्हे.

खालचा संवाद दोघांचा आहे. दोन्ही माणसं मी रचलेली आहेत, वाद मात्र खरा आहे. मास्तर जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, बोलणं ठसक्याचं वऱ्हाडी. अभ्यासक म्हणजे त्यांच्या जुन्या सहकाऱ्याची मुलगी, शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करणारी. ती त्यांना चाचा म्हणते, ते तिला पोरी म्हणतात.

मास्तर : तुही प्रश्नावली वाचली मी. बापाची कमाई विचारली, शाळेचं अंतर विचारलं, घरात बसून अभ्यास करायले जागा आहे का, तेबी विचारलं. पण पोट्टीचं लग्न कोणत्या वर्षी ठरलं, हे पहिल्या पानावर काऊन नाही? आमचं मन दुखते म्हणून?

अभ्यासक : तो प्रश्न शेवटच्या पानावर आहे, चाचा. पहिल्या पानावर मुद्दामच ठेवला नाही. “मुसलमान शिक्षणात मागे का?” असं विचारून सुरुवात केली की उत्तर आधीच ठरलेलं असतं. मग सगळी माहिती त्या उत्तराभोवती गोळा होते. मी विचारते, मागे आहेत का, कुठे आहेत, आणि कितव्या इयत्तेपासून.

मास्तर : आहेत ना मागं! त्याले काय मोजाचं?

अभ्यासक : मोजलं की काय दिसतं ते ऐका. २००१ मध्ये महाराष्ट्राची साक्षरता ७६.९ टक्के होती. राज्यातल्या मुसलमानांची ७८.१. २०११ मध्ये राज्याची ८२.३, मुसलमानांची ८३.६. देशभरात चित्र उलटं आहे, २००१ मध्ये देश ६४.८ वर होता आणि मुसलमान ५९.१ वर. पण महाराष्ट्रात ते सरासरीच्या पुढे आहेत.

मास्तर : मंग तुहं काम संपलं. आम्ही पुढं आहोत, पेढे वाटा.

अभ्यासक : इथेच तर खरं काम सुरू होतं. महाराष्ट्रातले दहापैकी सात मुसलमान शहरांत आणि कसब्यांत राहतात. राज्यातली निम्म्याहून जास्त माणसं खेड्यांत राहतात. म्हणजे जिथे शाळा हाकेच्या अंतरावर आहे तिथल्या माणसांची तुलना आपण मेळघाट-गडचिरोलीसकट सगळ्या राज्याशी करतोय. २०११ मध्ये शहरी महाराष्ट्राची साक्षरता ८८ टक्क्यांच्या वर होती. शहरवाल्यांना शहरवाल्यांशेजारी उभं केलं की ही आघाडी उरत नाही. शिवाय जनगणनेत साक्षर कोण? सात वर्षांवरचा, समजून वाचता-लिहिता येणारा. आठवीत शाळा सोडलेला आणि इंजिनिअर झालेला, दोघेही त्याच रकान्यात.

मास्तर : हे मले पटलं. आठवीतून गेलेला पोट्टा मले माहीत आहे. त्याचं अक्षर माह्यापेक्षा चांगलं होतं. तो तुह्या आकड्यात साक्षर, आणि गावात गवंड्याच्या हाताखाली.

अभ्यासक : म्हणून मला राज्याची सरासरी नको, इयत्ता हवी. पहिलीत आलेली शंभर मुलं पाचवीत, आठवीत, अकरावीत किती उरली, आणि गेलेली कुठे गेली.

मास्तर : टपरीवर विचार. सगळे सांगतात, मदरशात गेली म्हणून.

अभ्यासक : सच्चर समितीनं ते तपासलं होतं. शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी मदरशात शिकणारी साधारण तीन टक्के निघाली. समितीनं मदरसा आणि मकतब यांत फरकही केला.

मास्तर : तो फरक बाहेरच्याले समजत नाही. पोट्टे सकाळी मकतबमध्ये कुराण वाचतात, मंग दप्तर घेऊन शाळेत येतात. माह्या वर्गातले सारे तसेच होते. टोपी दिसली की लोकं म्हणतात मदरसा.

अभ्यासक : पाकिस्तानातही तेच झालं. वर्तमानपत्रांत कोणी दहा टक्के लिहीत होतं, कोणी तेहतीस. ताहिर अंद्राबी, जिष्णू दास आणि आसिम ख्वाजा या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये जनगणना आणि घरोघरच्या पाहण्यांचे आकडे काढून पाहिले. शाळेत जाणाऱ्या मुलांत मदरशातली एक टक्काही नव्हती. त्याहून महत्त्वाचं दुसरं आहे. ज्या घरातलं एक मूल मदरशात आहे, अशा घरांपैकी चौथाईहून कमी घरं आपली सगळी मुलं मदरशात घालतात. बाकीच्या घरांत एक मदरशात, एक सरकारी शाळेत, एक खाजगीत. धर्म तर घरातल्या सगळ्या भावंडांचा एकच. मग फरक कशानं पडला?

इथे मी मध्ये बोलतो. या विषयावरचं मला माहीत असलेलं हे सर्वांत उपयोगी निरीक्षण आहे. एका छताखालची तीन भावंडं तीन प्रकारच्या शाळांत जात असतील, तर “त्या समाजाची मानसिकता” हे उत्तर देणाऱ्यानं थांबून विचार करायला हवा. २०१५ मध्ये आपल्या राज्यात फक्त मदरशात शिकणाऱ्या मुलांना शाळाबाह्य मानायचं ठरलं, तेव्हा केवढी चर्चा झाली. गणित, विज्ञान प्रत्येक मुलाला मिळालंच पाहिजे, या मताचा मी आहे. पण त्या तीन टक्क्यांवर जेवढी शाई खर्च झाली, तिच्या दशांशानंही उरलेल्या सत्त्याण्णवांच्या गळतीवर झाली नाही.

अभ्यासक : एका जागचं सगळ्यांना लावायचं, हा अभ्यासाचा जुना आजार आहे. विल्यम हंटरनं १८७१ मध्ये हिंदुस्थानातल्या मुसलमानांवर पुस्तक लिहिलं. आपलं म्हणणं खालच्या बंगालपुरतं आहे, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलं होतं. वाचणाऱ्यांनी ते सोडलं आणि सगळ्या देशातला मुसलमान मागासला असं पक्कं केलं. पुढे शंभर वर्षांनी, १९७४ मध्ये, पॉल ब्रास यांनी दाखवलं की त्या काळी उत्तर प्रदेशातले मुसलमान शिक्षणात आणि सरकारी नोकऱ्यांत हिंदूंच्या मागे नव्हतेच. बंगालचा शेतकरी मुसलमान वेगळा, लखनौचा वेगळा, अचलपूर-बाळापूरचा वेगळा.

मास्तर : आता माहं ऐक. तू म्हणतं शाळा, अंतर, पैसा. सारं बरोबर. पण तुम्ही शिकलेली माणसं आमच्या घराच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबता. आत काय चाललं ते लिहीत नाही. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ले सात बायांचा मोर्चा विधानभवनावर नेला. सातच बाया! २२ मार्च १९७० ले पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. शिव्या खाल्ल्या, बहिष्कार सोसला. पण घरातली गोष्ट घरातल्या माणसानं बोलली. तुमच्या अहवालांमध्ये सरकारचा दोष असतो, बँकेचा असतो, पोलिसांचा असतो. आमचा कुठंच नसतो. जसं काही आम्ही लहान लेकरं आहोत.

अभ्यासक : दलवाईंचा धीर मी मानते. तलाक आणि बहुपत्नीत्वाबद्दल ते बोलले ते खरंच होतं. पण त्यांचं भाषण म्हणजे शाळेच्या गळतीचं कारण, असं मी लिहू शकत नाही. मला ते दिसायला हवं. जगातलं सांगते. इंडोनेशिया हा सर्वांत जास्त मुसलमान असलेला देश. तिथे १९७३ नंतरच्या पाच-सहा वर्षांत सरकारनं एकसष्ट हजारांहून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या. एस्तेर डुफ्लो यांनी २००१ मध्ये त्याचा अभ्यास छापला. जिथे जास्त शाळा झाल्या तिथली मुलं जास्त शिकली आणि मोठी झाल्यावर जास्त कमावू लागली. घराघरांतला धर्म कोणी बदलला नव्हता. शाळा जवळ आली होती.

मास्तर : आणि पोट्ट्यांचं?

अभ्यासक : बांगलादेशानं १९९४ पासून गावाकडच्या मुलींना माध्यमिक शाळेसाठी विद्यावेतन दिलं. पुढे माध्यमिक शाळांत मुली मुलांपेक्षा जास्त झाल्या. अटी तीन होत्या. पंच्याहत्तर टक्के हजेरी, परीक्षेत पंचेचाळीस टक्के गुण, आणि लग्न करायचं नाही.

मास्तर : थांब. तिसरी अट पुन्हा सांग.

अभ्यासक : लग्न करायचं नाही.

मास्तर : आता कसं! त्या सरकारले माहीत होतं ना, पोट्टी शाळेतून कशानं जाते ते? नुसता पैसा नाही दिला, घरात हात घातला. आणि तू तोच प्रश्न शेवटच्या पानावर ठेवला. शेवटच्या पानापर्यंत कोण पोचते? तोवर चहा होते, माणूस कंटाळते, सही करून देते.

अभ्यासक : हे मला मान्य करावं लागेल. प्रश्न पुढे आणते. पण एक अट माझीही. तोच प्रश्न मी कुणब्याच्या, तेल्याच्या, बौद्धाच्या, बंजाऱ्याच्या घरीही विचारणार. वऱ्हाडात मुलीचं लग्न लवकर उरकणं हे एकाच धर्माचं दुखणं नाही. फक्त मुसलमानाच्या घरी विचारलं तर उत्तरही फक्त मुसलमानाचंच निघेल.

मास्तर : विचार, सगळ्याईले विचार.

अभ्यासक : आणि मुलींबद्दल तुम्हाला वाटतं तसं सगळं उरलेलं नाही. २०२०-२१ च्या उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत देशातल्या कॉलेजांत एकोणीस लाखांवर मुसलमान विद्यार्थी होते. एकूण विद्यार्थ्यांत ४.६ टक्के. आदल्या वर्षापेक्षा जवळपास एक लाख ऐंशी हजार कमी. पण जे उरले त्यांत मुली मुलांपेक्षा किंचित जास्त होत्या.

मास्तर : हे मी सांगतो कसं होते ते. पोट्टी घरात असते, तं अभ्यास तरी करते. पोट्टा नववीत गेला की मामा त्याले गॅरेजवर नेते. संध्याकाळी हातात पैसे येतात. मंग बारावी झालेल्या पोट्टीले बारावी झालेला पोरगा भेटत नाही, आणि बाप दुसऱ्या पोट्टीले दहावीतच थांबवते. म्हणते, जास्त शिकवली तं द्याची कोणाले?

अभ्यासक : बापाचा हिशेब चुकीचा आहे का पण? उत्तर प्रदेशातल्या बिजनोर जिल्ह्यात क्रेग जेफ्री, पॅट्रिशिया जेफरी आणि रॉजर जेफरी यांनी बरीच वर्षं काम केलं, २००८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. दलित, जाट आणि मुसलमान तरुणांबद्दल. शिकले सगळे, पण जमीन आणि ओळखीपाळखी असलेल्यालाच पदवीचा खरा उपयोग झाला. ओळख नसलेला मुसलमान मुलगा कारागिरीकडे वळला. सॅम ॲशर, पॉल नोव्होसाद आणि चार्ली रॅफकिन यांनी देशभराचे आकडे तपासले. गरीब बापाचा मुलगा शिक्षणाच्या उतरंडीत किती वर चढतो, ते त्यांनी पाहिलं. दलित-आदिवासींची चढण गेल्या काही दशकांत सुधारली, मुसलमानांची घसरली. हे वाचल्यावर गॅरेजवर पाठवणारा मामा मला अडाणी वाटत नाही. तो बाजार ओळखतो.

मास्तर : ओळखते. पण मामानं ओळखलेला बाजार आजचा आहे. पोट्ट्याले चाळीस वर्षं जगाचं आहे.

हे उत्तर मला फार मोलाचं वाटतं. संशोधन आई-बापांच्या निर्णयामागची कारणं समजून घेतं, ते बरोबरच आहे. पण समजून घेणं म्हणजे मुलाला तिथेच सोडून देणं नव्हे. शिक्षक तसं सोडत नाही. त्याच्यासमोर तो मुलगा बसलेला असतो.

अभ्यासक : माध्यमाचं काय चाचा? तुम्ही आयुष्यभर उर्दूतून शिकवलं.

मास्तर : शिकवलं, आणि तरी म्हणतो, पाचवीपासून मराठी पक्की करा. सत्यशोधक मंडळवाले तेच सांगत होते, राज्याच्या भाषेत शिका. पोट्टा दहावीपर्यंत उर्दूत गणित करते, आणि अकरावी सायन्सले गेला की सर इंग्रजीत लिहितात, मराठीत समजावतात. दोन महिन्यांत तो आर्ट्सले येते, नाही तं घरी बसते. हुशार पोट्टे असे गेले.

अभ्यासक : प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, हे घटनेच्या ३५०-अ कलमात आहे. लहान वयात घरची भाषा सोडायला लावली तर गळती पहिली-दुसरीतच होईल. दोष उर्दूचा नाही. उर्दू शाळेतल्या मराठी-इंग्रजीच्या शिक्षकाचा, आणि तो नसण्याचा आहे.

मास्तर : शिक्षकाचं तं विचारूच नको. बिंदुनामावलीप्रमाणे जागा राखीव निघते, त्या प्रवर्गाचा उर्दू माध्यमाचा उमेदवार भेटत नाही, जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते. दोन वर्ग एका खोलीत बसतात. यावर कोणी पीएच.डी. करत नाही.

अभ्यासक : करायला हवी.

मास्तर : आणि जातीवर करा. तुम्ही सगळे “मुसलमान” लिहून मोकळे होता. पिंजारी, बागवान, मणियार, खाटीक, फकीर, अत्तार, हे काय सारे एकसारखे आहेत का?

अभ्यासक : सच्चर अहवालातच आहे, देशातल्या मुसलमानांपैकी ४०.७ टक्के इतर मागासवर्गीय. पण बहुतेक आकडे धर्मापाशीच थांबतात, हे खरं.

मास्तर : आमच्याकडं तं कागदच तसे आहेत. आजोबाच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात मास्तरनं लिहून ठेवलं “मुसलमान”. पिंजारी लिहिलं असतं तं नातवाले ओबीसीचा दाखला भेटला असता. १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. पुरावा आहे, पण त्यात जात नाही. फी भराची ऐपत नाही, दाखला नाही. पोट्टा डिप्लोमाले जाता जाता राहते.

अभ्यासक : मुसलमानांसाठीच्या पाच टक्के आरक्षणाचं तर तुम्हाला माहीतच आहे.

मास्तर : माहीत आहे. २०१४ च्या जुलैत अध्यादेश निघाला. नोव्हेंबरमध्ये हायकोर्टानं नोकरीतलं थांबवलं, शिक्षणातलं चालू ठेवलं. डिसेंबरमध्ये अध्यादेशच संपला, कायदा झाला नाही. न्यायालयानं जे राहू दिलं, ते आमदारांनी राहू दिलं नाही. आणि शिष्यवृत्ती?

अभ्यासक : पहिली ते आठवीची अल्पसंख्याकांची केंद्रीय शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली, तेव्हा ती फक्त नववी-दहावीपुरती ठेवली. संशोधन करणाऱ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाल्याचं जाहीर झालं.

मास्तर : म्हणजे आमच्यावर संशोधन करायले माणूस भेटते, आमच्यातल्या माणसानं संशोधन कराचं तं फेलोशिप नाही. आता शेवटचं सांगतो. तुही प्रश्नावली मी माह्या ओळखीनं घरोघर भरून देतो. पण तू काय देशील?

अभ्यासक : प्रबंधाची प्रत देईन.

मास्तर : तीनशे पानांची, इंग्रजीतली? ठेवतो कपाटात. मले चार पानं दे. मराठीत आणि उर्दूत. कोणत्या शाळेतून कोणत्या वर्गाले किती गेले आणि काऊन गेले. शाळा व्यवस्थापन समितीत वाचून दाखव, तुह्या तोंडानं. मशिदीत जुम्म्याले वाचाची व्यवस्था मी करतो. लोकं भांडतील तुह्याशी. भांडू दे.

अभ्यासक : देते.

या वादात मी कुठे उभा आहे, ते लपवायचं कारण नाही. कारणांच्या बाबतीत मी अभ्यासकाच्या बाजूचा आहे. धर्माला एकमेव कारण ठरवणारं संशोधन आळशी असतं आणि त्यानं माणसं दुखावण्यापलीकडे काही साधत नाही. पण संशोधनाचं उत्तरदायित्व कोणाकडे, या प्रश्नावर मास्तरांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. ज्यांच्या घरी बसून माहिती घेतली, त्यांच्याकडे ती परत गेलीच पाहिजे, त्यांच्या भाषेत, आणि त्यांच्याबद्दलच्या कटू गोष्टींसकट. दलवाईंसारख्या माणसानं जे अपमान सोसून सांगितलं, ते सौजन्याच्या नावाखाली गाळणं हा त्या समाजाचा सन्मान नव्हे.

आदर्श महाविद्यालयातल्या आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठातल्या समाजशास्त्राच्या, शिक्षणशास्त्राच्या मुलामुलींना माझी विनंती आहे. विषय शोधायला लांब जाऊ नका. एक तालुका घ्या. त्यातल्या मराठी आणि उर्दू, दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेऊन दाखल-खारीज रजिस्टर उघडा. दहा वर्षांपूर्वी सातवीत असलेलं प्रत्येक मूल, सगळ्या जातीधर्मांचं, आज कुठे आहे ते शोधा. मुलांची नावं प्रबंधात छापू नका, पण त्यांच्या घरी जा. ‘मार्टी’नं अशा तालुकावार अभ्यासांना पैसे द्यावेत आणि निष्कर्ष मराठी-उर्दूत गावात वाचून दाखवण्याची अट घालावी. आणि जातीच्या रकान्यात “मुसलमान” एवढंच लिहिलेल्या जुन्या नोंदींचं काय करायचं, याचा निर्णय शासनानं घ्यावा. त्यासाठी आणखी एका समितीची गरज नाही.